खुर्चीत बसलेल्या माकडाची पोटरी

२४ डिसेंबर १९९६ला रशियाच्या उत्तरेकडच्या प्लेसेत्स्क तळावरून एक यान उडालं, बायॉन-११ नावाचं, आणि त्यात दोन ऱ्हिसस माकडं होती, लापिक आणि मुल्तिक. १४ दिवस ती दोघं पृथ्वीभोवती फिरली, ७ जानेवारी १९९७ला कझाकस्तानात उतरली. रशिया, अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून केलेला हा प्रयोग, आणि प्रश्न म्हटलं तर सरळ होता, की अंगावरचं वजनच काढून घेतलं तर माणसाच्या इतक्या जवळच्या प्राण्याच्या हाडांचं, स्नायूंचं, तोल सांभाळण्याचं काय होतं.

आता नाशिकमध्ये घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टला या माकडांचं काय पडलंय असं कुणालाही वाटेल. पण मी माझ्या कामात रोज ज्या गोष्टीशी झगडते ना, ती या दोन माकडांच्या पोटरीत जितकी स्वच्छ दिसली तितकी मला कुठल्याच टेक्स्टबुकात दिसली नाही. कॉलेजला असताना स्नायू झिजतात एवढंच शिकलो होतो, वापर नाही केला की बारीक होतात, झालं, पुढचा चॅप्टर. बारीक होण्याच्या आधी आणि बारीक होण्यासोबत आत काय काय बदलतं, स्नायू खातो काय, जाळतो काय, हे फार नंतर वाचत गेले, आणि वाचत गेले तसं माझं काम करणंच बदललं.

आधी पोटरीबद्दल थोडं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आपल्या पोटरीत मुख्य दोन स्नायू. वरून जो फुगीर दिसतो, टाचा उचलल्या की दोन भागांत उठून येतो, तो गॅस्ट्रोक्निमियस. त्याच्या खाली दडलेला, चपटा, रुंद, तो सोलियस. दोघंही खाली जाऊन एकाच जाड, दोरीसारख्या टेंडनला मिळतात, टाचेच्या मागे हाताला लागते ती. पण दोघांचे स्वभाव वेगळे. गॅस्ट्रोक्निमियस उडी मारायला, पळायला, जिन्यावर झपझप चढायला. सोलियस उभं राहायला. तुम्ही नुसते उभे असता, ओट्यापाशी पोळ्या लाटताय, बसस्टॉपवर थांबलाय, तेव्हा शरीर सारखं किंचित पुढे झुकत असतं आणि सोलियस त्याला सारखा मागे ओढून धरत असतो. याला आराम नाही आणि त्याला तो नकोही असतो, कारण त्याचे बहुतेक तंतू स्लो प्रकारचे, म्हणजे हळू आकुंचन पावणारे पण न दमणारे, भरपूर रक्तवाहिन्या, भरपूर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, आणि ऑक्सिजन वापरून चरबी आणि साखर दोन्ही जाळण्यात पटाईत. ऱ्हिसस माकडातही हेच, सोलियस जवळजवळ सगळा स्लो तंतूंचा, गॅस्ट्रोक्निमियसमध्ये फास्ट तंतू जास्त. म्हणून तर या कामाला माकड निवडलं, उंदराच्या आणि आपल्या स्नायूत फरक बराच आहे, माकडाच्या आणि आपल्या स्नायूत कमी.

आता तो प्रयोग. यानात माकडं मोकळी नव्हती. एका कॅप्सूलमध्ये खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, समोर स्क्रीन, नळीतून पातळ खाणं आणि ज्यूस, आणि शिकवलेलं काम नीट केलं की ज्यूसचा घोट. हे सगळं त्यांना आधी पृथ्वीवर शिकवलेलं होतं. मग संशोधकांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी माकडांचे तीन गट धरले. एक अंतराळात गेलेला. दुसरा पिंजऱ्यात नेहमीसारखा राहणारा. आणि तिसरा, तशाच कॅप्सूलमध्ये, तशाच खुर्चीत, तितकेच दिवस, पण इथेच पृथ्वीवर, पूर्ण गुरुत्वाकर्षणात. कारण नाहीतर कळणार कसं, की जे काही झालं ते वजन गेल्यामुळे झालं की नुसतं बसून राहिल्यामुळे झालं?

पिंजऱ्यातल्या माकडांच्या सोलियसच्या स्लो तंतूची जाडी सरासरी ६० मायक्रॉन होती, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अंतराळात जाऊन आलेल्यांची १३ टक्क्यांनी कमी झाली. आणि पृथ्वीवर नुसती खुर्चीत बसलेल्यांची २० टक्क्यांनी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे उलटे छापले गेलेत की काय म्हणून परत वाचलं. उलटे नव्हते. आता यावरून खुर्ची अंतराळापेक्षा वाईट असं कुणी म्हणू नये, अंतराळात गेलेली माकडं दोनच होती, दोन जीवांच्या आकड्यांवर असे निष्कर्ष उभे करता येत नाहीत. पण खुर्चीत बसलेलं माकड आणि अंतराळात तरंगलेलं माकड, दोघांच्या सोलियसचं जवळपास एकच झालं, हे मात्र ठळक आहे. एका तंतूची जास्तीत जास्त ताकद पिंजऱ्यातल्या माकडात ०.४८ मिलीन्यूटन होती, ती खुर्चीवाल्यांची ०.३१ झाली आणि अंतराळवाल्यांची ०.३२. एक तृतीयांश ताकद गेली, दोन आठवड्यांत, तरण्याताठ्या निरोगी प्राण्यांची, ज्यांना नीट खायला मिळत होतं, कुठला आजार नव्हता, ताप नव्हता, सूज नव्हती.

फरक कुठे होता तेही सांगायला हवं, कारण तोही महत्त्वाचा आहे. खुर्चीवाल्यांचा तंतू बारीक झाला म्हणून ताकद घटली, म्हणजे जितका उरला होता तितका नीट काम करत होता. अंतराळवाल्यांचा उरलेला तंतूही आतून कमजोर झालेला होता, तेवढ्याच जाडीत कमी ताकद. आणि गॅस्ट्रोक्निमियस खुर्चीवाल्यांचा तगला, अंतराळवाल्यांचा नाही तगला. म्हणजे वजन नसणं ही वेगळी गोष्ट आहेच. पण सोलियसला, बिचाऱ्या त्या उभं राहण्याच्या स्नायूला, पायावर भार नाही एवढंच कळतं. भार अंतराळात गेल्यामुळे नाही की खुर्चीत बसल्यामुळे नाही, की पलंगावर पडल्यामुळे नाही, याच्याशी त्याला फार देणंघेणं नसतं.

हे मोजतात कसं, ते मला फार आवडतं म्हणून सांगते. स्नायूचा छोटासा तुकडा काढतात, बायॉप्सी म्हणतात ती. मग मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्यांनी त्यातून एकच तंतू सोडवून घ्यायचा. एकच. दिसेल न दिसेल असा. त्याचं एक टोक अतिशय संवेदनशील बलमापकाला अडकवायचं, दुसरं टोक एका छोट्या मोटरला, आणि तो कॅल्शियमच्या द्रावणात बुडवायचा. कॅल्शियम लागलं की तंतू आकसतो, अगदी जिवंत शरीरात आकसतो तसा, आणि किती जोरात ओढतो ते मापकावर उमटतं. ज्या माकडाची पोटरी होती ते तिकडे कुठेतरी फळ खात बसलेलं आणि इकडे त्याचा एक तंतू काचेच्या भांड्यात उभं राहण्याची ताकद दाखवतोय, असं.

आणि चयापचयासाठी तर याहून बारीक काम आहे. ज्यांनी बायोकेमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना लॉरी मेथड आठवत असेल, प्रोटीन मोजायची, निळा रंग येतो ती. ते ऑलिव्हर लॉरी, अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत होते. त्यांनी एकेका पेशीतली एन्झाइम मोजायची पद्धत बसवली होती आणि त्यासाठी तराजूही त्यांचा वेगळाच होता, क्वार्ट्झचा केसाहून बारीक धागा, एका टोकाला पक्का बसवलेला, दुसऱ्या मोकळ्या टोकावर फ्रीझ-ड्राय केलेल्या तंतूचा कण ठेवायचा आणि धागा किती वाकला ते मायक्रोस्कोपमधून वाचायचं, तेच त्याचं वजन. त्यांच्या लॅबने सोव्हिएत यानांतून परत आलेल्या उंदरांचे एकेक तंतू असे तपासले. त्यात सोलियसच्या तंतूंमध्ये हेक्सोकायनेज हे एन्झाइम वाढलेलं दिसलं. पेशीत आलेल्या साखरेला पकडून कामाला लावायची पहिली पायरी या एन्झाइमची. म्हणजे जो स्नायू चरबीवर निवांत दिवसभर चालायचा तो साखरेकडे झुकायला लागला होता.

उंदरांवरचे अजून दोन निकाल इथे सांगते, कारण माकडांच्या बाबतीत दोन-चार जीवांवरून जे अंधुक दिसतं ते उंदरांत स्पष्ट दिसतं. १९९१मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधून ९ दिवस जाऊन आलेल्या उंदरांच्या मांडीच्या स्नायूंची चरबी जाळायची क्षमता सुमारे ३७ टक्क्यांनी घटलेली होती. साखरेपासून आलेलं पायरुवेट जाळायची क्षमता मात्र होती तशीच. दुसरा निकाल अंतराळातला नाही, शेपटीला आधार देऊन मागचे पाय जमिनीवरून उचलून ठेवलेल्या उंदरांचा, पृथ्वीवरच वजनरहित पाय कसे असतील ते बघायची ही पद्धत. त्यांच्या सोलियसमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा नेहमीपेक्षा जास्त भरलेला असतो, पण स्नायूला कामाला लावलं की तो भराभरा संपतो आणि लॅक्टेट, म्हणजे साखर घाईने जाळली की उरतो तो पदार्थ, जास्त तयार होतं. चूल तीच, जाळही लागतो, पण ओंडका घालायचं तोंड बुजलंय आणि आता नुसतं काटक्यांवर भागवायचंय, असं काहीसं. भडकन पेटतं आणि पटकन विझतं.

मला पेशंटच्या घरात हे रोज दिसतं. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, ऑपरेशन उत्तम झालेलं, एक्स-रे बघून समाधान वाटावं असं. पण घरी आणल्यावर सगळ्यांनी मायेपोटी त्यांना पलंगावरून हलू दिलं नव्हतं, सगळं जागेवर, बेडपॅनसुद्धा. मी गेले तेव्हा महिना झाला असेल. पहिल्यांदा मी कायम पोटरीला हात लावते. दोन्ही हातांनी पोटरी धरली की चांगली पोटरी हाताला उसळते, आत काहीतरी भरलेलं आहे असं लागतं. आजींची पोटरी हातात आली ती कातडीसकट लोंबली. दोन्ही पायांची. मोडला होता एकच खुबा. घरचे म्हणाले, मॅडम, दुसरा पाय तर चांगला आहे ना? आणि मी त्यांना दाखवलं, की चांगल्या पायाचीही पोटरी तितकीच गेलीय, कारण त्या पायावरही महिनाभर भार आला नव्हता. हाडाला कळतं कुठे मोडलंय, पोटरीला कळत नाही.

त्यांना वॉकर देऊन उभं केलं तर दहा-पंधरा सेकंदात धाप लागली, पाय थरथरायला लागले, कपाळावर घाम. सून म्हणाली, हार्टचं काही आहे का हो? ईसीजी, इको सगळं ऑपरेशनच्या आधी झालेलं, नॉर्मल. ते हार्टचं नव्हतं, निदान नुसतं हार्टचं नव्हतं. ज्या स्नायूने निवांत चरबी जाळत उभं ठेवायचं, तो आता काटक्यांवर चालत होता, आणि काटक्या पंधरा सेकंदात संपत होत्या. आजी म्हणाल्या, अगं मला जोरच नाही राहिला, आधी कशी टणटणीत होते. सगळे पेशंट हेच वाक्य म्हणतात, जोर नाही राहिला, आणि घरचे म्हणतात वय झालं, टॉनिक आणू का, नाचणीची आंबील करू का. करा ना, आंबील जरूर करा, प्रोटीन तर हवंच, पण पायावर भार आल्याशिवाय ते प्रोटीन स्नायूत फारसं जाणार नाही. स्नायूचं प्रोटीन रोज तुटतं आणि रोज बनतं, आणि बनण्याचा हुकूम सुटतो तो मुख्यतः भारामुळे. भार थांबला की बनणं मंदावतं, तुटणं चालूच राहतं.

आणि एक बारीक गोष्ट, पलंगावर पडलेल्या माणसाच्या पावलाकडे कधी लक्ष दिलंय? पांघरुणाच्या वजनाने पाऊल खाली झुकतं, बोटं समोर टोकदार होतात. त्या स्थितीत पोटरी आखडलेली राहते, आणि आखडून ठेवलेला स्नायू ताणून ठेवलेल्या स्नायूपेक्षा लवकर झिजतो, हे खूप जुनं माहीत असलेलं आहे. म्हणून आम्ही तळव्याला उशी किंवा फळी लावायला सांगतो, पाऊल काटकोनात राहावं म्हणून. लोक दोन दिवस लावतात आणि मग ती उशी डोक्याखाली जाते.

अंतराळवीरांचंही याहून वेगळं नाही. जून १९७०मध्ये सोयूझ-९मधून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव जवळपास १८ दिवस राहून परत आले तेव्हा त्यांना स्वतःहून धड उभंसुद्धा राहता येईना, आणि ते दोघं देशातले सगळ्यात तंदुरुस्त लोक होते. त्यानंतरच अंतराळात व्यायाम सक्तीचा झाला. पण व्यायाम करूनही पुरत नाही, स्पेस स्टेशनवर सहा-सहा महिने राहिलेल्या ९ जणांच्या पोटऱ्या जाण्याआधी आणि आल्यावर मोजल्या, तर आकारमान १३ टक्क्यांनी आणि जास्तीत जास्त पॉवर ३२ टक्क्यांनी घटलेली, आणि हे सगळे तिथे ट्रेडमिल, सायकल, वजनाचं मशिन करत होते. सगळ्यात जास्त मार सोलियसच्या स्लो तंतूंना. परत सोलियसच.

आता मुल्तिकचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहायला बसणंच मला बरोबर वाटलं नसतं.

यान उतरलं तेव्हा लापिक आणि मुल्तिक दोघंही जिवंत होते. दुसऱ्या दिवशी, ८ जानेवारीला, बायॉप्सीसाठी त्यांना भूल दिली. मुल्तिक त्या भुलेतून उठला नाही. लापिकलाही त्रास झाला, तो वाचला. अंतराळातून आल्यावर लगेच भूल देणं इतकं धोक्याचं ठरू शकतं याचा कुणी तोवर नीट अंदाज घेतलेला नव्हता, आणि मग अमेरिकेत चौकशी झाली, आधीपासून प्राणीहक्कवाल्यांचा विरोध होताच, आणि एप्रिल १९९७मध्ये नासाने पुढच्या माकडांच्या मोहिमेतून अंग काढून घेतलं. त्यानंतर बायॉनच्या मोहिमांत माकडं गेली नाहीत.

मला इथे एबल आठवते. २८ मे १९५९ला एबल नावाची ऱ्हिसस माकडीण आणि बेकर नावाची छोटी स्क्विरल माकडीण, दोघी अमेरिकेच्या रॉकेटमधून जाऊन जिवंत परत आल्या. चार दिवसांनी एबलच्या अंगातला इलेक्ट्रोड काढायचा होता, त्यासाठी भूल दिली, आणि ती गेली. म्हणजे दोघंही अंतराळाने मारले नाहीत, आपण टेबलावर घेतल्यावर गेले. मध्ये ३७ वर्षं होती.

१९८७च्या कॉसमॉस-१८८७ या सोव्हिएत यानात येरोशा नावाच्या माकडाने वाटेतच बांधलेला डावा हात सोडवून घेतला होता. जमिनीवरचे लोक चिंतेत, की आता हा तारा ओढेल, काही तोडेल. मी त्या माकडाच्या बाजूने विचार करते तेव्हा मला त्यात मोठं काही दिसत नाही, दिवसचे दिवस बांधलेला कुठलाही जीव जे करेल तेच त्याने केलं, हात मोकळा करून आजूबाजूला काय आहे ते चाचपून बघितलं. माकड हा प्राणीच दिवसभर हात-पाय वापरणारा. आपल्याकडे तापी-गोदावरीच्या उत्तरेला जी लाल तोंडाची माकडं दिसतात ती हीच ऱ्हिसस, त्यांना एखाद्या देवळाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बघत बसा, उकिडवं बसणं, उठणं, उडी, चढणं, परत उकिडवं. ती पोटरी किती वेळा ताणली गेली ते मोजता येणार नाही. तिला १४ दिवस खुर्चीत ठेवायचं.

एकेकाळी आपला देश ही माकडं दरवर्षी हजारोंनी परदेशी लॅबना पाठवायचा. १९७८मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ती निर्यात बंद केली, त्यांचा वापर लष्करी रेडिएशनच्या चाचण्यांत होतो हे पुढे आल्यावर. मला तो निर्णय बरोबर वाटतो, आजही. आणि तरीही मी त्या खुर्चीतल्या माकडांच्या आकड्यांवर माझं काम करते. या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना पटवून देत नाहीत, आणि त्या पटाव्यात असा माझा हट्टही नाही. मला एवढंच वाटतं, की एवढी किंमत देऊन जे कळलंय ते निदान वापरात यावं. त्या पेपरांच्या फाइली लायब्ररीत पडून राहाव्यात आणि इकडे आपण माणसांना महिना महिना पलंगावर ठेवावं, हे मला सहन होत नाही.

कारण माणसांवरही हे सगळं दिसून झालंय. १९६६ला अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या ५ धडधाकट मुलांना ३ आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी परत तपासलं, आता ते पन्नाशीचे, पोट सुटलेले, तर ३० वर्षांच्या वयाने त्यांचं जितकं नुकसान केलं होतं त्यापेक्षा त्या ३ आठवड्यांच्या झोपण्याने जास्त केलं होतं. म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका, सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना फक्त १० दिवस झोपवलं तर पायांचा जवळपास १ किलो मांसल भाग गेला. आणि आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद १० दिवसांत जवळपास १८ टक्क्यांनी कमी होतो, सोनोग्राफीने मोजलेलं. त्यांच्यात तर आजाराचीही भर असते. म्हणून आज चांगल्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलासुद्धा शक्य असेल तर बसवतात, पलंगाच्या कडेला पाय सोडून, आणि पहिल्यांदा ते बघणाऱ्या नातेवाइकांचा जीव वरखाली होतो, तो मी बघितलाय, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला उठू न देणं. जो जास्त उठू देत नाही त्याची माया जास्त.

२०२५च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर १८ दिवस राहून आले तेव्हा त्यांनी तिथे केलेल्या प्रयोगांत एक मायोजेनेसिस नावाचा होता, बंगलोरच्या इनस्टेम या संस्थेचा. स्नायूच्या मूळ पेशी वजन नसताना नवा स्नायू बनवायला मंद का पडतात, आणि चयापचयाला मदत करणारी काही पूरकं दिली तर फरक पडतो का, हा त्याचा विषय. म्हणजे माकडांपासून सुरू झालेला प्रश्न आता काचेतल्या पेशींवर विचारता येतोय, खुर्चीत कुणाला बांधावं लागत नाही, आणि तो विचारायला आपला माणूस गेला. मला त्या बातमीने किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. क्लिनिकमध्ये दोन ज्युनिअर मुलींना बसवून सगळं समजावलं, त्यांना वाटलं मॅडमना आज काय झालंय.

आजींचं पुढे काय झालं तेही सांगते. आधी पलंगाच्या कडेला बसून पाय जमिनीला टेकवणं, तळवा पूर्ण टेकलाच पाहिजे, नुसते लोंबते पाय चालणार नाहीत. मग वॉकर धरून उभं, मोजून काही सेकंद, दिवसातून पुष्कळ वेळा, एकदाच दमवून नाही, कारण साठा लवकर संपतो आणि भरायला वेळ द्यावा लागतो. मग ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली. त्यांना मी कोथिंबीर निवडायला उभ्यानेच लावलं, ओट्यावर ताट ठेवून. सून आधी नाराज होती, सासूबाईंना काम लावलं म्हणून, मग तीच मुद्दाम मेथी आणायला लागली. काही महिन्यांनी आजी जिना उतरून खाली भाजीवाल्याशी भांडायला गेल्या. पोटरी पूर्वीइतकी भरली नाही, त्या वयात तितकी भरत नाही, पण हाताला उसळायला लागली.

एक मागणं आहे, आणि ते माझ्याच क्षेत्रातल्या लोकांकडे आहे. डिस्चार्ज कार्डावर आपण सहज 'बेड रेस्ट, ३ आठवडे' लिहून टाकतो. त्याच्याखाली एक ओळ जास्त लिहा. कोणत्या दिवसापासून बसवायचं, कधी तळवा जमिनीला टेकवायचा, कुठल्या पायावर किती भार चालेल, दिवसातून किती वेळा उभं करायचं. फ्रॅक्चर तसं असेल आणि भार चालणारच नसेल तर तसं लिहा, आणि मग निदान चांगल्या पायाचं काय करायचं ते लिहा. आणि हे मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, कारण ते कार्ड वाचणार आहे ती घरची सून नाहीतर रात्रपाळीला ठेवलेली मावशी.